तिचा खुदा आणि माझा देवबाप एकच आहे का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकाच विषयावरची पत्रं एवढी निघाली की बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेला ठेवतोय. मी स्वतः ख्रिस्ती, जालना जिल्ह्यातला, तेव्हा उत्तरं त्या बाजूनं आलेली आहेत हे धरूनच वाचा. इस्लामबद्दल जे लिहिलंय ते कुराण समोर ठेवून लिहिलंय.

प्रश्न : सलाम सर. मी जालन्यात नर्स आहे. नाईटला माझ्यासोबत एक मुस्लिम मैत्रीण असते. २०२५ च्या मार्चमध्ये आमचे लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे, उपास आणि तिचे रोजे सोबतच आले, तर वॉर्डातल्या एका पेशंटच्या सासूबाई म्हणाल्या, पोरींनो तुम्ही दोघी उपाशी राहायल्या, पण तुमचा देव एकच हाय का येगळा येगळा? ती लगेच म्हणाली, खुदा तो एकीच है ना मावशी. मला काही बोलताच आलं नाही. नंतर आमच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले मुळीच नाही, जो पुत्राला नाकारतो त्याला पिता नाही असं वचनच आहे. सर, मला दोघंही मनापासून बोलायलेत असं वाटतं. मग खरं कोणाचं?

उत्तर : ताई, तुमची मैत्रीण आणि तुमचे पाळक दोन वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर देतायत. एक प्रश्न असा, की ती नमाजला उभी राहते तेव्हा हाक कुणाला मारते. दुसरा असा, की त्याच्याबद्दल ती जे मानते ते खरं आहे का, पूर्ण आहे का. पहिल्याला माझं उत्तर हो आहे, तोच देव. दुसऱ्याला माझं उत्तर, ख्रिस्ती माणूस म्हणून, नाही असं आहे, आणि ती मुसलमान म्हणून माझ्याबद्दल असंच म्हणणार, आणि त्यात तिनं किंवा मी वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता हो का म्हणतो ते सांगतो. ती ज्याच्यापुढं डोकं टेकते तो म्हणजे आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा, अब्राहामाला बापाचं घर सोडायला लावणारा, मोशेशी बोलणारा, दाविदाला राज्य देणारा, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा न्याय करणारा. ही सगळी माणसं कुराणात आहेत, इब्राहिम, मूसा, दाऊद. बकरीदची कुर्बानी ही अब्राहाम आपला मुलगा अर्पण करायला निघाला त्याच गोष्टीवरची आहे, जी आपल्या उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात आहे, फक्त आपल्याकडं तो मुलगा इसहाक आणि मुसलमान बहुतेक करून तो इस्माईल होता असं मानतात. आणि तुमच्या मैत्रिणीनं जे सांगितलं ते काही मावशींना बरं वाटावं म्हणून सांगितलेलं नाही, ते कुराणातच आहे, २९ व्या सूरहच्या (अध्यायाच्या) ४६ व्या आयतीत (वचनात), तिथं मुसलमानांना सांगितलंय की किताबवाल्यांशी, म्हणजे यहुदी-ख्रिस्ती लोकांशी, वाद घालायचा तर चांगल्या रीतीनंच घाला आणि त्यांना म्हणा की आमच्यावर जे उतरलं आणि तुमच्यावर जे उतरलं त्या दोन्हींवर आमचा विश्वास आहे, आमचा आणि तुमचा खुदा एकच आहे.

आपल्या बाजूनंही हे आज पहिल्यांदा कुणी बोलायलंय असं नाही. १०७६ साली पोप सातवे ग्रेगरी यांनी उत्तर आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या, एका मुसलमान राजाला पत्र लिहिलं, त्यात लिहिलंय की आपण दोघंही एकाच देवावर विश्वास ठेवतो, जरी रीत वेगळी असली तरी. आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आतच क्रूसेडची, म्हणजे मुसलमानांविरुद्धची, युद्धं सुरू झाली, हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्यांना राहिलेली नव्हती. पुढं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं हेच १९६४ च्या आणि मग २८ ऑक्टोबर १९६५ च्या दस्तऐवजात स्पष्ट लिहून टाकलं, की मुसलमान एकाच, दयाळू, सर्वसमर्थ देवाची आराधना करतात आणि कॅथलिकांनी त्यांच्याकडं आदरानं पाहावं.

तुमचे पाळक म्हणतील की आपण कॅथलिक नाही, आपल्याला हे लागू नाही. बरोबर आहे. प्रोटेस्टंटांमध्ये या प्रश्नावर आजही एकमत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या व्हीटन कॉलेजात २०१५ च्या डिसेंबरमध्ये एका ख्रिस्ती प्राध्यापिकेनं मुस्लिम बायकांना पाठिंबा म्हणून डोक्याला हिजाब बांधला आणि लिहिलं की आम्ही एकाच देवाची उपासना करतो, तर कॉलेजनं तिला रजेवर पाठवलं आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत तिचं आणि कॉलेजचं नातंच संपलं. म्हणजे पाळकसाहेब एकटे नाहीत, त्यांच्यासारखा विचार करणारी शिकलेली, प्रामाणिक माणसं भरपूर आहेत.

त्यांनी दाखवलेलं वचन १ योहान २:२३ आहे आणि ते हलकं घेण्यासारखं नाही. पण मी त्यांच्यापुढं नम्रपणे एकच गोष्ट ठेवीन. येशूच्या काळातल्या यहुद्यांचं काय? त्यांच्यातल्या पुष्कळांनी पुत्राला नाकारलं, त्रैक्य, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे तर त्यांना आजही मान्य नाही, तरी कुठलाच पाळक पुलपिटवरून असं सांगत नाही की यहुदी दुसऱ्याच देवाला भजतात. पौल रोमकरांस पत्रात दहाव्या अध्यायात त्यांच्याबद्दल लिहितो की त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती यथार्थ ज्ञानाला अनुसरून नाही. देवाविषयी आस्था आहे, असं तो म्हणतो, दुसऱ्या कुणाविषयी नाही. आणि विहिरीवरची शोमरोनी बाई आठवा, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. तिच्या लोकांचं देवळाचं ठिकाण वेगळं, त्यांचं शास्त्र मोशेच्या पाच पुस्तकांपुरतं. प्रभू तिला काय म्हणाला? तुम्हाला जे ठाऊक नाही त्याची उपासना तुम्ही करता. चूक दाखवली, पण तू परक्या देवाची आहेस असं म्हणून तिला परत पाठवलं नाही, उलट सगळ्यात मोठी गोष्ट तिलाच सांगितली.

हां, यावर एक जोरदार हरकत आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. यहुदी आणि शोमरोनी हे ख्रिस्ताच्या आधीपासूनचे, आणि इस्लाम आला तो साधारण सहाशे वर्षांनी, येशूचं नाव माहीत असताना. कुराण येशूला मसीहा म्हणतं, कुमारीच्या पोटी जन्मलेला म्हणतं, पण चौथ्या सूरहमध्ये १५७ व्या आयतीत म्हणतं की त्याला मारलं नाही आणि क्रूसावरही चढवलं नाही. आता आपल्यासाठी क्रूस बाजूला काढला तर मागं उरतं काय? देव कसा आहे हे आपल्याला क्रूसावरून कळतं. त्यामुळं फरक छोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण फरक मोठा आहे म्हणून देव दोन झाले, हे मला पटत नाही. समजा एका आजोबांबद्दल दोन चुलत घरांत दोन गोष्टी चालत आल्यात, एक घर म्हणतं आजोबांनी जमीन स्वतःच्या हातानं वाटून दिली, दुसरं म्हणतं छे, त्यांनी कुणालाच काही दिलं नाही, जे गेलं ते कज्ज्यात गेलं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, कुणाचं तरी चुकतंय, आणि चूक साधी नाही, त्यावरून घरं तुटतात. तरी भांडण चाललंय ते एकाच आजोबांवरून, आणि आजोबा एक आहेत म्हणूनच तर एवढं भांडण आहे.

तेव्हा मावशी परत भेटल्या तर सांगा की हो, देव एकच, पण येशू कोण यावर आमच्या दोघींचं पटत नाही. तुमची मैत्रीण पण याला मान डोलावेल. आणि पाळकसाहेबांना हे उत्तर जरूर वाचायला द्या, त्यांचं म्हणणं त्यांनी लिहून पाठवलं तर मी ते पूर्ण छापायला सांगीन.

प्रश्न : अस्सलामु अलैकुम सर. मी बीडला बी.एस्सी.ला आहे. कुराणात साफ लिहिलंय की तीन म्हणू नका. आणि ख्रिश्चन लोक बाप, बेटा, पवित्र आत्मा असे तीन मानतात. हे शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीनं दुसऱ्याला मानणं, नाही का? आणि शिर्क असेल तर आपला देव एक कसा काय म्हणता येईल? रागावू नका, खरंच समजून घ्यायचंय.

उत्तर : वालेकुम सलाम. रागवायचं कशाला, ज्याला देवाची काळजी आहे तोच असं विचारतो.

आधी जे आम्ही मानत नाही ते सांगतो. तीन देव आहेत असं कुठलंही चर्च शिकवत नाही, आणि कुणी शिकवलं तर त्याला चर्चनंच पाखंड ठरवलंय. ३२५ साली निकिया इथं जी परिषद भरली तिच्या विश्वासांगिकाराची सुरुवातच अशी आहे की आम्ही एका देवावर विश्वास ठेवतो. मरियमला आम्ही त्या तिघांत धरत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगतो कारण कुराणाच्या पाचव्या सूरहमध्ये ११६ व्या आयतीत ईसा आणि त्यांच्या आईला देव मानण्याबद्दल विचारणा आहे आणि ते वाचून बऱ्याच मित्रांना वाटतं की ख्रिश्चनांचं त्रैक्य म्हणजे ते. नाही. आणि पुत्र म्हणताना देवानं बायको केली आणि त्याला मूल झालं असं काही, तोबा, आमच्या मनात पण येत नाही. सहाव्या सूरहमध्ये विचारलंय की त्याला जोडीदारच नाही तर मुलगा कुठून असणार, तर त्या अर्थानं आम्हीही तेच म्हणतो.

मग मानता काय, असं तू विचारशील. आम्ही मानतो की देव एक आहे, आणि त्या एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे नातं अनादी आहे, जगच नव्हतं तेव्हापासूनचं, आणि पुत्र मरियमच्या पोटी माणूस झाला. डोक्यात सहज बसण्यासारखं हे नाही, चर्चच्या मोठमोठ्या शिक्षकांनी यावर आयुष्यं घालवलीत. मी तुला एवढंच सांगू शकतो की हे आम्ही गणित करून काढलेलं नाही, येशूबरोबर राहिलेल्या माणसांना, जी स्वतः कट्टर एकेश्वरवादी यहुदी होती, त्यांना त्याच्यापुढं गुडघे टेकावेसे वाटले आणि तरी देव एकच आहे हे त्यांनी सोडलं नाही, या दोन्ही गोष्टी सोबत धरायच्या म्हणून हे असं बोलावं लागतं.

आणि इथंच तुझं आणि माझं खरं अंतर आहे. तीन देव हा गैरसमज असू शकतो, तो बोलून निघून जाईल. पण आम्ही येशूला प्रार्थना करतो, त्याची गाणी गातो, त्याला प्रभू म्हणतो, हा काही गैरसमज नाही, हे आम्ही करतोच. तुझ्या धर्मानुसार ते चुकीचंच आहे आणि तुला ते चूक म्हणायचा पूर्ण हक्क आहे. कुणी तुला सांगितलं की अरे दोन्हीकडं सेमच आहे तर विश्वास ठेवू नको.

पण तुझ्याच परंपरेत एक गोष्ट बघ. कुराण किताबवाल्यांना मूर्तिपूजक मुशरिकांच्या, म्हणजे शिर्क करणाऱ्यांच्या, रांगेत सरळ बसवत नाही. दुसऱ्या सूरहमध्ये (२२१) मुशरिक बाईशी लग्न करू नका असं आहे, आणि पाचव्या सूरहच्या पाचव्या आयतीत किताबवाल्यांचं अन्न हलाल आणि त्यांच्यातल्या शीलवान बायकांशी निकाह जायज. तीन म्हणू नका हे चौथ्या सूरहमध्ये (१७१) आहे, आणि त्याच आयतीत ईसा हे अल्लाहचे पैगंबर, त्याचं वचन, त्याच्याकडून आलेला आत्मा असंही आहे. म्हणजे झिडकारून बाहेर हाकललेल्यांशी बोलावं तसं ते बोलणं नाही. आपल्याच माणसाला, बाबा इथं तू जास्त बोललास, असं सांगावं तसं मला ते वाचताना वाटतं. माझं वाचन चुकीचं वाटलं तर तुमच्या मौलानांना विचार आणि मला कळव.

हबशाच्या राजाची गोष्ट तुला माहीत असेलच, पण इथं हिंदू वाचक पण आहेत म्हणून सांगतो. साधारण ६१५ साली मक्केतले सुरुवातीचे मुसलमान छळाला कंटाळून समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात गेले, तिथला राजा ख्रिस्ती. मागून मक्केवाले नजराणे घेऊन आले, की ही माणसं आमच्या ताब्यात द्या. राजानं मुसलमानांना बोलावून घेतलं, जाफर बिन अबू तालिब पुढं झाले आणि त्यांनी सूरह मरियममधला भाग म्हणून दाखवला, आणि सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, ग्रंथांत आहे की राजा रडला. दुसऱ्या दिवशी मक्केवाल्यांनी डाव टाकला, की यांना विचारा हे येशूबद्दल काय म्हणतात. जाफर यांनी घाबरून गोलमोल उत्तर दिलं नाही, ते म्हणाले तो अल्लाहचा बंदा, त्याचा पैगंबर, त्याचं वचन. राजानं जमिनीवरची काडी उचलली आणि म्हणाला, तू जे सांगितलंस त्यात आणि येशूत या काडीएवढाही फरक नाही. आता मी त्या राजाशी सहमत नाही, माझ्या मते फरक काडीपेक्षा खूप जास्त आहे. पण त्यानं नजराणे परत केले आणि त्या माणसांना हात लावू दिला नाही, आणि जाफर यांनी जीव धोक्यात असताना जे मानत होते तेच सांगितलं. दोघांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

प्रश्न : रामराम सर. मी परभणीचा. आमच्याकडं फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला सगळे जातात, हिंदू पण, मुसलमान पण. देव एकच आहे, नावं वेगळी. मग हे ख्रिश्चन-मुसलमान वादात पडायचं कशाला?

उत्तर : दादा, उरुसाला सगळे जातात ही आपल्या मराठवाड्याची कमाई आहे, ती कुणी हिरावून घेऊ नये. पण सगळं एकच म्हणून विषय मिटवून टाकला की समोरच्याचं ऐकायची गरजच राहत नाही, आणि ज्या गोष्टीसाठी एखादा माणूस जीव द्यायला तयार आहे ती गोष्ट आपण न ऐकताच किरकोळ ठरवतो. पैठणच्या नाथांनी चारशे वर्षांपूर्वी हिंदू-तुर्क संवाद लिहिला तो वाचा. त्यात दोघं गोड बोलून सुरुवात करत नाहीत. दोघं एकमेकांच्या देवाधर्माची सालं काढतात, तू असं करतोस, तुझ्या पुस्तकात तसं लिहिलंय, अगदी टोचेल असं बोलतात, आणि ते सगळं बोलून झाल्यावर मग दोघांचं जमतं. नाथांनी मधलं भांडण गाळलं नाही. ख्रिश्चन-मुसलमानांच्या बाबतीत मला तेच हवंय, बाकी काही नाही.

प्रश्न : मी नांदेडला राहते, आम्ही ख्रिस्ती. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी शेजारचे मुस्लिम चाचा दवाखान्यात आले आणि बाहेर बाकावर बसून हात पसरून दुआ मागायला लागले. मी त्यांच्या बाजूला बसून डोळे मिटले. नंतर पप्पा म्हणाले असं सोबत करायचं नसतं. मी चुकले का?

उत्तर : नाही बाळा, मला तरी त्यात चूक दिसत नाही. २७ ऑक्टोबर १९८६ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीला सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं होतं तेव्हा त्यांनी एक फरक जपला होता, की आपण प्रार्थनेसाठी एकत्र आलोय, पण एकच प्रार्थना मिळून करत नाही. प्रत्येकानं आपापली केली, बाकीचे आदरानं थांबले. तू नेमकं तेच केलंस. चाचांनी त्यांच्या रीतीनं मागितलं, तू येशूच्या नावानं मागितलंस, ऐकणारा एकच आहे यावर माझा विश्वास आहे.

पप्पांची भीती काय आहे ते पण समजून घे, आपल्या भागात आपण ख्रिस्ती इतके थोडे आहोत की मुलांचा विश्वास सैल पडेल याची धास्ती आईबापांना असतेच. त्यांना जालन्याच्या बेथेलची गोष्ट सांग. रेव्हरंड नारायण शेषाद्री, जन्मानं ब्राह्मण, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं स्कॉटिश मिशनकडून जालन्यात येऊन काम केलं, त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी बेथेल गाव वसवलं ते निजामाच्या राज्यात, सर सालारजंग दिवाण असताना राज्याकडून मिळालेल्या जमिनीवर. शेषाद्रींनी त्यासाठी ख्रिस्ताबद्दलचं आपलं म्हणणं अर्ध्या शब्दानंही कमी केलं नाही, आणि दिवाणानं पण इस्लाम सोडला नाही. आई आता बरी असेल अशी आशा करतो. चाचांना माझा सलाम सांग.

प्रश्न : संभाजीनगरहून. मी गृहिणी आहे, हिंदू. दोन्ही ग्रंथ कधी हातात घेतले नाहीत. तुमच्या या चर्चेतलं काहीतरी स्वतः वाचायचं असेल तर कुठून सुरू करू? फार जाड नको.

उत्तर : ताई, लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि कुराणातली १९ वी सूरह, सूरह मरियम. दोन्हींचे मराठी अनुवाद मिळतात आणि दोन्ही मिळून एका दुपारचं वाचन आहे. दोन्हीकडं सुरुवात एका म्हाताऱ्या, मूलबाळ नसलेल्या माणसापासून होते, लूकमध्ये जखऱ्या, कुराणात जकरिया, दोन्हीकडं त्याला मुलगा होणार असं सांगितलं जातं आणि दोन्हीकडं त्याची वाचा बंद होते. पण लूकमध्ये ती बंद होते कारण त्यानं विश्वास ठेवला नाही, आणि मूल होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत बंदच राहते. कुराणात तो स्वतः खूण मागतो आणि तीन रात्री बोलणार नाहीस हीच त्याला खूण दिली जाते. मग मरियम येते, देवदूत येतो. तिच्या बाळंतपणासाठी मात्र लूकचा दुसरा अध्याय उघडा, तिथं बाळ गव्हाणीत आहे, आणि कुराणात ती एकटी खजुराच्या झाडाखाली कळा सोसते आणि झाड हलवलं की पिकलेले खजूर खाली पडतात. वाचताना हातात पेन्सिल ठेवा, जिथं गोष्ट एकच आहे तिथं एक खूण करा, जिथं वेगळी होते तिथं दुसरी, आणि दुसऱ्या खुणेपाशी जरा जास्त वेळ थांबा.